स्लॅबवरून विद्यापीठ दिसतंय का?

भाचीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "आत्ती, स्लॅबवर जा की जरा. विद्यापीठ दिसतंय का बघ."

मी हातातलं काम ठेवून जिना चढते. आमचं घर कोल्हापूरला, मुडशिंगीच्या बाजूला, विमानतळाच्या कुंपणापासून फार लांब नाही. स्लॅबवर उभं राहिलं की आधी शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसते. मग गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली धुराडी, मग शिवाजी विद्यापीठाची मुख्य इमारत, आणि पावसानं धुऊन निघालेल्या एखाद्या सकाळी, अगदी मागं, जोतिबाचा डोंगर. काय दिसतंय आणि काय नाही, एवढंच मी तिला सांगते. ती "हं" म्हणते आणि मग घरातल्या गप्पा सुरू होतात.

ती एटीआर या पंख्याच्या प्रवासी विमानावर सहवैमानिक आहे. माझ्या सांगण्यावर ती विमान उतरवत नाही, हे तिनं पहिल्या दिवशीच स्पष्ट केलं होतं. तिला हवामान खात्याचा अहवाल मिळतो, कंट्रोल टॉवर मिळतो, कॉकपिटमध्ये रडार असतं. तरीही ती विचारते. दूर कुठल्यातरी शहरातल्या हॉटेलच्या खोलीत बसून तिला आपल्या घरच्या स्लॅबवर उभं राहायचं असतं, म्हणून विचारत असावी असं मला वाटतं. पण या एका प्रश्नानं माझी आभाळाकडं बघायची रीत बदलली. तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवूनही ती बदलली नव्हती.

त्याआधीचं सांगते. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आबांचा, माझ्या वडिलांचा, खुबा मोडला. मी तेव्हा एका परीक्षेच्या कामासाठी हैदराबादला होते. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं, म्हणून मिळेल ते विमान पकडलं. कोल्हापूरच्या आसपास आलो, विमान खाली यायला लागलं. खिडकीतून नुसतं पांढरं दिसत होतं. एकदम इंजिनांचा आवाज वाढला आणि आम्ही परत वर गेलो. वीसेक मिनिटं फिरलो. मग वैमानिकाचा आवाज आला, आपण माघारी जातोय. हैदराबादला उतरून भावाला फोन लावला तर तो विमानतळाच्या दारातच उभा होता. "ताई, हितं तर चक्क ऊन पडलंय की!"

त्या रात्री मी त्या कंपनीला एक लांबलचक तक्रार लिहिली. कोल्हापुरात ऊन पडलेलं असताना विमान परत नेणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे, असं त्यात एक वाक्य होतं. ते वाक्य आठवलं की आजही मला वाईट वाटतं. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाईनं ते लिहिलं होतं.

भाची तेव्हा प्रशिक्षण घेत होती. तिनं माझ्याशी वाद घातला नाही. सुट्टीला आली तेव्हा मला स्लॅबवर घेऊन गेली, हातात वही दिली आणि म्हणाली, "आत्ती, टाकी किती लांब आहे? धुराडं किती लांब? लिही." हवामान निरीक्षक दिवसा दृश्यमानता अशीच ठरवतात. ठाऊक असलेल्या अंतरांवरच्या खुणा बघायच्या, कुठली दिसते, कुठली विरते ते नोंदवायचं. मोठ्या विमानतळांवर धावपट्टीशेजारी यंत्रं असतात. बेंगळुरूच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेनं आणि हवामान खात्यानं मिळून तसं एक भारतीय यंत्र बनवलं, त्याचं नावच 'दृष्टी'. पण मूळ प्रश्न साधा आहे. तिथवर दिसतंय का?

वैमानिक बाहेर बघून विमान चालवणार असेल, यंत्रांच्या आधारानं नव्हे, तर त्याला पाच किलोमीटर दिसायला हवं असा नियम आहे. एक किलोमीटरपेक्षा कमी दिसलं तर ते धुकं, त्याहून जास्त पण पाच किलोमीटरच्या आत दिसलं तर विरळ धुकं. या विरळ धुक्याचं अहवालातलं लघुरूप 'बीआर' आहे, फ्रेंच 'ब्रूम' या शब्दावरून आलेलं. कोल्हापूरच्या हिवाळ्यातली सकाळ म्हणजे हे बीआरच. पंचगंगेवरून उठलेला ओलावा, त्यात साखर कारखान्यांचा आणि गुऱ्हाळांचा धूर, त्यात पाचट पेटवल्याची राख. आम्हाला तो वास लहानपणापासून हंगामाचा वाटतो, गूळ झाल्याचा वाटतो. त्याच वासात विद्यापीठ पुसट होत जातं आणि मग नाहीसं होतं.

आणि इथं मला त्या माणसाचा विचार येतो, ज्यानं ही नोंद करायची असते. माझ्याच वयाची एखादी बाई किंवा गावाकडचा एखादा तरुण. आत हॉलमध्ये दीडशे माणसं खोळंबलेली, कुणाचं लग्न, कुणाची मुलाखत, कुणाचा बाप दवाखान्यात. सगळ्यांना हवा असतो पाच हजार मीटरचा आकडा. आणि बाहेर बघावं तर साडेचार हजारांचीच खूण दिसते आहे. त्यानं साडेचार हजारच लिहायचं. कुणी विनवलं, कुणी रागावलं तरी साडेचार हजारच. हवा सुधारली तर पुढच्या अहवालात तसं लिहायचं, एकदम बिघडली तर वेळेची वाट न बघता विशेष अहवाल काढायचा. मी आयुष्यभर पोरांना प्रयोगवहीत 'आलेलं वाचन लिहा, अपेक्षित उत्तर नको' असं सांगत आले. हा माणूस रोज तेच करतो आणि त्याच्या वाचनावर माणसं बसलेली असतात.

आपल्या भाषेत पावसाला किती नावं आहेत! भुरभुर, रिपरिप, झिमझिम, सर, झड, संततधार, वळीव. आबा तर नक्षत्रानुसार बोलतात, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. यातल्या प्रत्येक शब्दात शेत आहे. झड म्हटलं की गोठ्यातलं ओलं गवत, वळीव म्हटलं की तापलेली माती. वैमानिकांच्या अहवालात मात्र पाऊस हलका, मध्यम की जोराचा, रिमझिम की सरी, विजांसह की विजांशिवाय, एवढंच असतं. सुरुवातीला मला ते फार कोरडं वाटलं. एकदा मी फोनवर भाचीला म्हणाले, "छान रिपरिप लागलीय बघ." ती म्हणाली, "आत्ती, ते सोड. पाणी साचलंय का?"

पाणी साचलंय का, या प्रश्नाच्या पोटात काय काय आहे ते मला पुढं उमगलं. नुसती ओली धावपट्टी आणि पाणी साचलेली धावपट्टी यांत एक रेघ आहे, आणि ती ३ मिलीमीटरवर आहे. पातळ भाकरीच्या जाडीएवढं पाणी. ४ नोव्हेंबर २०२१ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं धावपट्टीची अवस्था सांगायची एकच पद्धत जगभर लागू केली. धावपट्टीचे तीन भाग करायचे आणि प्रत्येक भागाला ० ते ६ मधला आकडा द्यायचा. कोरडी असेल तर ६. ओली असेल, पण पाणी ३ मिलीमीटरपर्यंतच, तर ५. त्याहून जास्त पाणी साचलं की थेट २. मधे ४ नाही, ३ नाही, एकदम २. एका मिलीमीटरनं तीन पायऱ्या खाली.

कारण असं की साचलेल्या पाण्यावर वेगात आलेलं चाक पाणी बाजूला सारू शकत नाही. ते त्या पाण्यावर चढतं आणि तरंगतं. ब्रेक दाबला तरी चाकाला जमीनच सापडत नाही. नासाच्या संशोधकांनी १९६०च्या दशकात याचं एक सोपं सूत्र काढलं. टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ घ्यायचं आणि त्याला ९नं गुणायचं. दाब चौरस इंचाला १०० पौंड असेल तर ९० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १६७ किलोमीटर. त्याहून जास्त वेगात साचलेल्या पाण्यावर चाक टेकलं तर ते चाक राहत नाही, होडी होते. हे सूत्र मी अकरावीच्या वर्गात फळ्यावर लिहिते. ज्यांचे वडील ट्रक चालवतात ती पोरं सगळ्यात आधी मान डोलावतात. पुणे-बेंगळुरू महामार्गावर त्यांनी हे अनुभवलेलं असतं.

धावपट्टीची लांबी हाही असाच फसवा आकडा. आपल्या उजळाईवाडीच्या माळावर छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ साली विमानतळ सुरू केला. संस्थानाच्या राजधानीत विमान उतरलं पाहिजे ही त्यांची जिद्द. पुढं कितीतरी वर्षं इथली धावपट्टी १३७० मीटरची होती, नंतर ती लांबवली. आता १३७० मीटर म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर, कुणालाही पुष्कळ वाटेल. पण प्रवासी विमान निघण्याआधी जो हिशेब करतात त्यात पंख्याच्या विमानानं धावपट्टीच्या ७० टक्क्यांत थांबायला हवं असा नियम आहे, आणि धावपट्टी ओली असेल तर थांबायला लागणाऱ्या अंतरात आणखी १५ टक्क्यांची भर धरायची. मी वहीत मांडून बघितलं. १३७०चे ७० टक्के ९५९. त्याला १.१५नं भागलं की ८३४. पाऊस पडला की जमिनीवर १३७० मीटर तशीच असते, पण हिशेबात उरते ८३४. बाकीची पट्टी वाया जात नाही. वाऱ्याच्या एका झोतासाठी, चाक थोडं उशिरा टेकण्यासाठी, माणसाच्या हातून होणाऱ्या चुकीसाठी ती राखून ठेवलेली असते.

७ ऑगस्ट २०२० ला कोळिकोडला काय झालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पाऊस, ओली धावपट्टी, मागून वारा, विमान पट्टीवर फार पुढं जाऊन टेकलं आणि टोकापलीकडं दरीत गेलं. २१ माणसं गेली. त्या रात्री भावजय देवघरासमोर बसून होती. कुणी कुणाशी बोललं नाही.

वाऱ्याचं गणित मला सगळ्यात आवडतं. आपल्या धावपट्टीच्या दोन टोकांना ०७ आणि २५ अशी नावं आहेत, म्हणजे तिची दिशा ७० आणि २५० अंश. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून विमानं बहुधा पूर्वेकडून येऊन वाऱ्याच्या तोंडावर, २५ वर उतरतात. समजा वारा २९० अंशांवरून २० नॉटनं येतोय. धावपट्टीशी त्याचा कोन ४० अंश. मग समोरून येणारा वारा १५ नॉट आणि बाजूनं ढकलणारा १३. सदिशांचं विघटन हा धडा शिकवताना मी वर्षानुवर्षं नदी आणि होडीचं उदाहरण देत होते. आता वर्गाच्या खिडकीतून झाडाकडं बघायला सांगते. फांद्या कुठून कुठं वाकल्यात? विमान उतरणार असेल तर कुठल्या बाजूनं? धावपट्टीशेजारची ती पांढऱ्या-केशरी पट्ट्यांची वाऱ्याची पिशवी कुंपणाबाहेरून सगळ्यांनी पाहिलेली असते. ती कशाला असते हे मात्र वर्गात दोघा-तिघांनाच ठाऊक असतं.

उन्हाळ्याचं तर कुणाला सांगून खरं वाटत नाही. आभाळ निरभ्र, पाऊस नाही, वारा नाही, मग अडचण कसली? आपला माळ समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फूट उंच. त्या उंचीवर हवेचं तापमान हिशेबासाठी ११ अंश धरतात. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश असलं तर २७ अंश जास्त, आणि दर अंशामागं हवा सुमारे १२० फूट उंचावर असल्यासारखी विरळ होते. बेरीज जाते ५२०० फुटांच्या वर. कळसूबाईचं शिखर ५४०० फूट. म्हणजे विमान उभं असतं उजळाईवाडीत, पण त्याच्या पंखांना आणि इंजिनांना वाटतं आपण कळसूबाईच्या माथ्याजवळ आहोत. तीच धावपट्टी, तेच वजन, पण उचलायला हवेत दम नाही.

आबांना मी हे सगळं सांगते. ते खाटेवर बसून ऐकतात. खुबा बरा झाला, पण शेतात जाणं थांबलं, त्यामुळं त्यांचं आभाळही आता अंगणापुरतंच. तरी पश्चिमेकडं बघून "गगनबावड्याकडं काळं झालंय, तासाभरात येतोय" म्हणतात आणि बहुतेक वेळा तो येतो. टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस जास्त, खळग्यात घातली की कमी, हे त्यांचं अजून एक. मी भाचीला विचारलं, तर ती टिटवीच्या नावानंच सावध झाली. मोकळ्या गवताळ माळावर राहणारी टिटवी धावपट्टीच्या कडेला घरटं करते आणि विमानाच्या आवाजानं ऐन वेळी उडते. पावसाळ्यात गांडुळं, किडे वर आले की पक्षी आणखी वाढतात. आबांच्या लेखी पावसाचा सांगावा आणणारी टिटवी त्यांच्या नातीच्या लेखी इंजिनात येणारा धोका. दोघंही तिला ओळखतात मात्र आवाजावरून.

२०१९च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा आबा स्लॅबवर येऊन बसायचे, तेव्हा चढता येत होतं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी ५५ फुटांच्या पुढं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, दूध-भाजी बंद, गॅसच्या गाड्या पलीकडंच अडकल्या. आमचा माळ उंच, इथं पाणी नव्हतं. ढग थोडे वर गेले की हेलिकॉप्टरचा आवाज यायचा, ढग उतरले की बंद व्हायचा. त्या दिवसांत मी पहिल्यांदा 'ढग किती उंचावर आहेत' असा विचार केला असेन. त्यालाही माप आहे. आभाळाचे आठ भाग कल्पायचे, पाच किंवा जास्त भाग झाकले असतील तर त्या ढगांच्या तळाला छत म्हणायचं, आणि छताची उंची फुटांत सांगायची. ज्यांच्या घराचं छत पाण्याखाली होतं त्यांच्यासाठी वरचं छत किती फुटांवर आहे यावर सगळं अवलंबून होतं.

आता यंदाच्या मे महिन्यातली एक संध्याकाळ.

भाचीची ड्यूटी पहिल्यांदाच कोल्हापूरच्या फेरीवर लागली होती. थांबायला जेमतेम अर्धा तास, तेवढ्यात तिला बाहेर येता येणार नव्हतं, हे माहीत होतं. तरी आम्ही गेलो. भाऊ, भावजय, मी, आणि गाडीत पुढच्या सीटवर आबा. मार्च २०२४ मध्ये सुरू झालेली ही नवी काळ्या दगडाची, कमानींची इमारत आबांनी तोवर पाहिली नव्हती. "वाड्यागत केलंय," म्हणाले.

निघण्याआधी मी सवयीनं स्लॅबवर गेले होते. विद्यापीठ लख्ख दिसत होतं. जोतिबासुद्धा.

पार्किंगमध्ये मावळतीचं ऊन पसरलेलं. पूर्वेला मात्र हुपरी-पट्टणकोडोलीच्या अंगाला वळवाचा ढग चढत होता. खालून निळा-काळा, वर फुलकोबीसारखा पांढरा, माथा पसरायला लागलेला. असा ढग पाऊस पाडतो तेव्हा त्याच्याबरोबर गार हवाही धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. विमानाला आधी जोराचा समोरचा वारा मिळतो, ते वर उचलतं, आणि काही सेकंदांत तोच वारा मागचा होतो. नेमकं जमिनीजवळ असताना. आमच्या अंगावर गार झुळूक आली, मातीचा वास आला. लोकांनी "आहाहा" केलं. मी वाऱ्याच्या पिशवीकडं बघत होते. ती एकदा पडली, मग उलट्या बाजूनं भरली.

विमानाचा आवाज आला, दिसलं नाही. आवाज जवळ आला, मोठा झाला आणि वर चढत दक्षिणेकडं गेला. तेवढ्यात ढगासमोर इंद्रधनुष्य उमटलं, पूर्ण, दोन्ही टोकं जमिनीला टेकलेली. सगळे फोन काढून फोटो घेऊ लागले. ते उभं होतं बरोबर त्या वाटेवर, जिथून २५ वर उतरायला यायचं असतं.

दहा मिनिटांनी आतून कुणीतरी सांगत आलं, बेळगावला गेलं. मग जे व्हायचं ते झालं. एक गृहस्थ हातातला हार गुंडाळत माझ्याकडं वळून म्हणाले, "बघा की मॅडम, ऊन पडलंय हितं. ह्यांना उतरायला काय झालं?" माझ्या वयाचेच होते. आवाजात राग कमी आणि काळजी जास्त होती. मी त्यांना हात धरून इमारतीच्या कोपऱ्यापर्यंत नेलं आणि पूर्वेकडं दाखवलं. इंद्रधनुष्याच्या मागं वीज चमकली. ते काही बोलले नाहीत, बराच वेळ बघत राहिले.

घरी पोचलो तेव्हा आमच्या स्लॅबवरही पाऊस आला होता. नऊच्या सुमारास तिचा फोन आला.

"आत्ती, विद्यापीठ दिसत होतं ना?"

"दिसत होतं. जोतिबा पण."

"मला हुपरी दिसली नाही," ती म्हणाली. एवढंच. आवाज दमलेला होता. भावजयीनं डबा भरून नेला होता, तो तसाच परत आणल्याचं मी तिला सांगितलं नाही.

आबांनी खाटेवरून हात पुढं केला, पण फोन घेतला नाही. मलाच म्हणाले, "बेळगावात पाऊस हाय का विचार तिला."

विचारलं. नव्हता.

"मग बरं हाय," म्हणाले आणि कूस वळले.